रविवारी ड्यूटी आहे, शब्बाथाचे काय?

ठाण्यात समुपदेशनाचे काम करताना ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न मला इतक्यांदा ऐकायला मिळाला आहे की, समोरची व्यक्ती घुटमळू लागली की तो येणार हे मी आता ओळखते. ऐरोलीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करणारा तरुण तो विचारतो, कळव्यात ब्यूटी पार्लर चालवणारी आणि निम्मे गिऱ्हाईक रविवारीच येणारी बाई विचारते, कोपरीचा रिक्षावाला विचारतो. आणि सर्वांत जास्त विचारतात त्या परिचारिका. "ताई, रविवारी काम केलं तर शब्बाथ मोडतो का? आणि मोडला, तर देव त्याचा हिशेब कसा ठेवतो?" शब्बाथ म्हणजे काम थांबवून देवासाठी राखलेला, आठवड्याचा विसाव्याचा दिवस. प्रश्नाचा पहिला भाग खरे तर पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, अखत्यारीतला आहे. माझ्या खोलीत येते ती दुसऱ्या भागातली भीती, आणि ती येताना बहुधा निद्रानाश, ॲसिडिटी किंवा घरातली धुसफूस असे दुसरेच नाव सांगून येते.

मी स्वतः मराठी ख्रिस्ती घरात वाढले. रविवारी सकाळी भरणाऱ्या मुलांच्या वर्गाला आमच्याकडे शब्बाथशाळाच म्हणत, त्यामुळे शब्बाथ म्हणजे रविवार हे समीकरण आमच्या पिढीने कधी तपासून पाहिलेच नाही. ते तपासायला मला एका परिचारिकेने भाग पाडले. तिच्या परवानगीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, तिची हकीकत येथे देत आहे. तिला आपण करुणा म्हणू.

करुणा छत्तिशीची, नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणारी. घर कळव्याला. घरात सासरे, नवरा, अविवाहित दीर आणि दोन मुलगे. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. ती आली ती झोप लागत नाही म्हणून. पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढले आणि त्यात चार घड्या करून ठेवलेला ड्यूटीचा रोस्टर माझ्यासमोर उलगडला. त्यावर रविवारांभोवती लाल पेन्सिलीने आणि शनिवारांभोवती निळ्या पेन्सिलीने गोल काढलेले होते.

"लाल आबांचे," ती म्हणाली. "निळे भाऊजींचे."

"आणि तुमचे कोणते?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भलताच प्रश्न विचारला होता.

प्रकार असा होता. सासरे, म्हणजे आबा, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जुने जाणते वडीलधारे. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी उपासना चुकवायची नाही आणि पोटापाण्याचे काम करायचे नाही, हा त्यांचा दंडक. धाकटा दीर दोन वर्षांपूर्वी शनिवारी भरणाऱ्या एका सभेला जाऊ लागला, आणि खरा शब्बाथ सातव्या दिवसाचा, रविवार ही माणसांनी केलेली अदलाबदल, असे घरात सांगू लागला. करुणाला दोन्ही दिवशी ड्यूटी लागे. अशातच एका शनिवारी, ती कामावर असताना, मोठा मुलगा जिन्यावरून घसरला आणि त्याचे मनगट मोडले. दीर बोलला, "वहिनी, शब्बाथाची चौथी आज्ञा उगीच नाही दिलेली." आबांनी दुसऱ्या दिवशीच्या कौटुंबिक प्रार्थनेत गणना पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील त्या माणसाची गोष्ट वाचली, जो शब्बाथ दिवशी रानात लाकडे गोळा करताना सापडला आणि ज्याला दगडमार झाला. दोघांचे दिवस वेगळे होते, पण रोख एकाच बाईकडे होता. तेव्हापासून ती रात्रपाळ्या मागून घेऊ लागली, म्हणजे दोन्ही दिवस दिवसाउजेडी घरी राहता येईल, आणि दोघांपैकी कोणाचाही शब्बाथ तिच्यामुळे मोडणार नाही.

दुसऱ्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. मी तिला चाळीस मिनिटे शास्त्र समजावत बसले. माझी तयारी चांगली होती हे मान्य करायला हवे, आणि ज्यांना तेवढेच हवे असेल त्यांच्यासाठी त्याचा गाभा येथेही देते.

ख्रिस्ती जगात ह्या प्रश्नाची ठोकळमानाने तीन उत्तरे आहेत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांसारखी मंडळी म्हणते की, शब्बाथ सृष्टीच्या सातव्या दिवसापासूनचा आहे, दहा आज्ञांत आहे, म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तो आजही पाळायचा. इंग्लंड-स्कॉटलंडमधील प्युरिटन परंपरेने, आणि सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने, आज्ञा कायम ठेवली, पण येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले म्हणून दिवस रविवारवर आणला. स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर हीच शिकवण महाराष्ट्रात आली आणि आबांच्या पिढीच्या हाडामांसात रुजली. तिसरे उत्तर असे की, शब्बाथाचा नियम इस्राएलाला दिलेल्या नियमशास्त्राचा भाग होता आणि ख्रिस्तात तो पूर्ण झाला. यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर ज्या मोजक्या अटी घातल्या (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५), त्यांत शब्बाथ नाही. सण, अमावास्या किंवा शब्बाथ ह्यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहितो, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी, एवढ्यावर तो थांबतो. कॅथलिकांची मांडणी आणखी निराळी आहे: रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते आणि आजारी माणसाची किंवा तान्ह्या मुलाची काळजी हे न येण्याचे रास्त कारण समजले जाते.

मला स्वतःला तिसरे उत्तर पटते, हे मी तिच्यापासून लपवले नाही. दिराच्या मुद्द्यावरही बोलले. रविवार कॉन्स्टंटाइनने काढला असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यात निम्मेच सत्य आहे. इ.स. ३२१ मध्ये त्या सम्राटाने शहरांत रविवारी कामकाज बंद ठेवण्याचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. पण विश्वासणारे रविवारी एकत्र जमत असल्याचे वर्णन जस्टिन मार्टिर ह्या ख्रिस्ती लेखकाने त्या हुकुमाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी लिहून ठेवले आहे. जमणे जुने आहे, सुट्टी नवी आहे. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती माणसांना रविवारी सुट्टी नव्हतीच. बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला भाग) रोमन अधिकारी प्लिनी इ.स. ११२ च्या सुमारास सम्राटाला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताची स्तुती गातात आणि पांगतात. त्याने छळ करून ज्यांची जबानी घेतली त्यांत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासी होत्या. दासीचा दिवस तिच्या मालकीचा नसतो. ऐरोलीच्या त्या तरुणाला मी हे सांगितले, तेव्हा तो प्रथमच हसला आणि म्हणाला, "म्हणजे शिफ्टवाले आम्ही पहिले नाही."

करुणा मात्र हसली नाही. सगळे ऐकून घेतल्यावर पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "पटलं, ताई. सगळं पटलं. झोप नाही आली."

ह्या वाक्याची मी आजही ऋणी आहे. माणूस प्रश्न शास्त्राचा विचारतो आणि ओझे दुसरेच वाहत असतो, हे मला ठाऊक होते. तरी मी हुशारीच्या मोहात पडले होते. मी ज्या पद्धतीत घडले ती घर एकत्र पाहायला शिकवते. एका माणसाची झोप उडाली की त्या घरात निवांत कोण झोपते आहे हे आधी पाहावे, असे मी मानत आले आहे. म्हणून तिसऱ्या भेटीत मी शास्त्र बाजूला ठेवले आणि तिला एवढेच सांगितले, "गेला रविवार मला तासातासाने सांगा."

सकाळी आठला हँडओव्हर. पेशंट व्हेंटिलेटरवर असल्याने तो लांबला. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, तिथून कळवा, घरी यायला साडेनऊ. दहाच्या उपासनेला ओल्या केसांनी. आबांना मागच्या बाकावर बसलेले चालत नाही, म्हणून पुढच्या बाकावर. उपदेश चालू असताना झोप येऊ नये म्हणून अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतवून. तो तळवा तिने मला दाखवला. तिथे चंद्रकोरीसारखे चार-पाच वण होते. बाराला घरी, कारण प्रभुवारी घरचे जेवण गरम हवे आणि मंडळीतले दोघे-तिघे जेवायला असतातच. मटण, भाकरी, भात. तीनला भांडी. मग पाऊण तास आडवी. साडेपाचला डबा भरून पुन्हा गाडी.

"आणि शनिवार?"

"शनिवारी भाऊजी काहीच करत नाहीत. चहासुद्धा गरम करून घेत नाहीत. त्यांचं शुक्रवारी करून ठेवते, नाही झालं तर शनिवारी सकाळी आल्यावर." थोडे थांबून ती म्हणाली, "घाण्याचा बैल झालेय मी, ताई."

समुपदेशक म्हणून माझ्या आयुष्यातील चांगल्या क्षणांपैकी हा एक आहे. त्यावर सहानुभूतीचे दोन शब्द बोलून मी तो वाया घालवला नाही, ह्याचा मला थोडा अभिमान वाटतो. मी तिला विचारले, "टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला, ज्यूंचं सभास्थान आहे, पाहिलंय तुम्ही?" तिने ते बाहेरून पाहिले होते. ते सभास्थान १८७९ सालचे आहे, बेने इस्राएलांचे. हे लोक कोकणात, अलिबागच्या बाजूला, कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आजूबाजूच्या गावांत त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. "आता सांगा," मी म्हटले, "शनिवारी तेली घाणा बंद ठेवायचा, तेव्हा बैल काय करायचा?"

"उभा असेल. सोडलेला."

"तुमचं शास्त्र उघडा. अनुवाद नावाचं पुस्तक, पाचवा अध्याय, चौदावं वचन."

तिने ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझा कोणताही पशू, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. बैलापाशी बोट थबकले. "म्हणजे घाण्याच्या बैलालासुद्धा होती." मग ती पुन्हा सुरुवातीला गेली आणि यादी दुसऱ्यांदा वाचली, परिचारिका औषधांची यादी तपासते तशी, एकेका नावावर थांबून. "बायको नाही ह्यात," ती म्हणाली. "सूनही नाही."

हे मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. पण अभ्यासकांनी पाहिलेले आहे, आणि ते काय म्हणतात ते मला वाचलेले आठवत होते: मुलगी आणि दासी विसावा घेणार आणि घरधनीण तेवढी राबणार, असा अर्थ निघूच शकत नाही; म्हणून यादीच्या सुरुवातीला जो 'तू' आहे, त्यातच ती धरलेली आहे. मी हे तिला सांगितले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे पहिलाच शब्द माझा?"

आणि ती रडली. पहिल्या दोन भेटींत ती रडली नव्हती.

ह्या क्षणी मला जे उमगले, ते पुढे मी प्रशिक्षणार्थींनाही सांगत आले आहे. करुणा ती आज्ञा आजवर आरोपीसारखी ऐकत आली होती. तीच आज्ञा अनुवाद ह्या पुस्तकात ज्या कारणाने दिली आहे, ते कारण तिच्या कानावर आलेच नव्हते. निर्गम ह्या पुस्तकात कारण सृष्टीचे आहे, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला हे. अनुवादात मात्र देव म्हणतो की, तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास ह्याची आठवण ठेव. ज्यांना एकही दिवस स्वतःचा नव्हता, त्यांना मिळालेली ही रजा आहे, आणि मंजूर झालेली रजा कोणी शिक्षा म्हणून अंगाला लावून घेत नाही. "शब्बाथ बंधनकारक आहे का?" असे मला विचारणाऱ्यांपैकी निदान निम्म्या बायका, मला वाटते, दुसरेच विचारत असतात: मला थांबायची परवानगी आहे का, आणि ती कोण देणार?

चौथ्या भेटीला मी आबांना बोलावले. ते येणार नाहीत अशी करुणाची खात्री होती. ते पांढरा सदरा घालून, वेळेच्या दहा मिनिटे आधी आले. मी त्यांच्याशी वचनांचा वाद घातला नाही. त्या वादात ते मला सहज हरवू शकले असते. मी त्यांच्या नोकरीबद्दल विचारले. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात तीस वर्षे, युनियनचे पदाधिकारी. युनियनच्या कचेरीत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा फोटो होता, हे त्यांनी आपण होऊन सांगितले, आणि ते सांगताना त्यांची पाठ ताठ झाली.

"१० जून १८९०," आबा म्हणाले. "गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी त्या दिवशी मिळाली. लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मलेले, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तुम्ही मग रविवारी घरी असायचा?"

ते खिडकीकडे पाहू लागले. कळव्याची खोली घ्यायची होती, मुले लहान होती, रविवारच्या ओव्हरटाइमला दुप्पट पैसे मिळत. अकरा वर्षे त्यांनी रविवारी काम केले. बायको एकटी दोन मुलांना घेऊन उपासनेला जाई. "लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी मी विकली," ते म्हणाले. "आता ती बाई नाही. कोणाकडे माफी मागू?"

करुणा आपल्या सासऱ्यांकडे पाहत होती. तिच्या रविवारांभोवतीचे लाल गोल कोणी, कधी काढायला सुरुवात केली होती, हे मला तेव्हा कळले, आणि बहुधा तिलाही. आबा सुनेकडून स्वतःचे थकलेले रविवार वसूल करत होते, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, रविवारी जेवणाची भांडी कोण घासते. ते सुनेकडे वळले आणि त्यांनी तिलाच विचारले, "तू रात्रभर जागून आलेली असतेस का गं तेव्हा?" दर रविवारी त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते ते.

अशा चिंतेने ग्रासलेल्या माणसांना मी आता काय सांगते, ते थोडक्यात लिहिते. रुग्णालय, अग्निशमन, वीज, पाणी ह्यांत काम करणाऱ्यांनी तर भीती बाळगूच नये. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो, हे यहुदी धर्मशास्त्रही मानते, आणि अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथ दिवशीच, सभास्थानातच, सरळ उभे केले. त्यावर सभास्थानाचा अधिकारी चिडला, तेव्हा येशूने त्याला बैल-गाढवाचेच उदाहरण दिले: तुम्ही त्या दिवशी त्यांना गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेताच ना? मिरजेचे वॉनलेस रुग्णालय १८९४ पासूनचे आहे. मिशनच्या कोणत्या रुग्णालयाने रविवार म्हणून वॉर्डाला कुलूप लावले?

ज्यांचा धंदा रविवारचाच आहे, त्यांना मी दिवसाबद्दल बोलत नाही, आठवड्याबद्दल बोलते. सात दिवसांत एकही पूर्ण दिवस मोकळा नसेल, तर काहीतरी बिघडलेले आहे, मग त्याला शब्बाथ म्हणा किंवा म्हणू नका. मंडळीच्या सहवासाचा प्रश्न निराळा आहे आणि तोही टाळू नये. सकाळची उपासना चुकत असेल, तर संध्याकाळची शोधावी, आठवड्यातल्या प्रार्थनासभेला जावे, पाळकांना आपला रोस्टर दाखवावा. पुष्कळ पाळक समजून घेतात, कारण त्यांचा स्वतःचा रविवार हाच आठवड्यातला सर्वांत कामाचा दिवस असतो! ज्यांचा सदसद्विवेक शनिवारच पाळायला सांगतो, त्यांची मी टिंगल करत नाही. पौलाने ती मोकळीक त्यांनाही ठेवली आहे. एक अट मात्र मी घालते, आणि करुणाच्या दिरालाही घातली: तुमचा विसावा कोणाच्या हातचे खाऊन साजरा होतो, ते बघा. ज्या घरात एकाचा शब्बाथ दुसरीच्या पाठीवर उभा आहे, तिथे दिवस शनिवार आहे की रविवार, ही चर्चा मला फारशी महत्त्वाची वाटत नाही.

आणि अपघाताचा संबंध आज्ञेशी जोडू नये. मुलाचे मनगट जिना ओला होता म्हणून मोडले. करुणाला हे सर्वांत उशिरा पटले; त्यासाठी आणखी पाच-सहा भेटी लागल्या, आणि त्यांत सांगण्यासारखे नाट्य काही नाही.

ती शेवटची आली तेव्हा रोस्टर तसाच चार घड्यांचा होता. लाल-निळे गोल नव्हते. बुधवारांखाली साध्या पेन्सिलीने एक रेघ ओढलेली होती. त्या दिवशी तिचा वीकली ऑफ होता आणि तो तिने कोणाला बदलून दिला नव्हता. रात्रपाळ्या तिने सोडल्या होत्या. महिन्यातून दोन रविवार ड्यूटी लागते, तेव्हा आबा तिला स्टेशनपर्यंत सोडायला जातात. रविवारी जेवायला आता पाहुणे नसतात आणि मटणही नसते. आबा खिचडी टाकतात. दीर अजूनही शुक्रवारी सूर्यास्ताला घरच्या ग्रुपवर वचन पाठवतो, पण शनिवारचे स्वतःचे पोहे तो शुक्रवारी रात्री स्वतः करून ठेवतो.

"झोप?" मी विचारले.

"लागते. परवा उपासनेत लागली," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसले होते. आबांनी उठवलं नाही."